वाघोलीतली येळवस

मार्गशीर्ष अमावास्या, रात्री

आज येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, रानात पूजा करून पंगत घालायचा सण. लातुरात दुकानांची शटरं खाली असणार. औसा, निलंगा, तिकडे धाराशिवपर्यंत सगळी माणसं शेतात. इथं पुण्याजवळ वाघोलीत यांची सकाळची पाळी, पोरीची शाळा, आणि टँकर उशिरा आला म्हणून नळाला नऊपर्यंत थेंब नाही. मी पहाटे उठून भज्जी, म्हणजे येळवशीची शेंगा-पाल्याची मिसळभाजी, लावली आणि दुपारच्या आत सगळी विकली. दीडशे रुपयाला डबा, त्यात दोन बाजरीचे उकडलेले उंडे.

येळवशीची भज्जी विकली म्हणून गावात सांगितलं तर आधी त्यांना चेष्टाच वाटेल. आज तिकडे रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही हाताला धरून रानात आणतात. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून दगड मांडलेले, त्यांना नैवेद्य दाखवला की पंगत. तो ‘पुरे’ म्हणाला तरी वाढायचं. न जेवता कुणी बांधावरून गेला तर वर्षभर त्याची आठवण काढतात, आणि ती काही चांगली नसते.

उमरग्याच्या एक काकू बी विंगमध्ये राहतात. त्यांनीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘येळवशीला कुणी भज्जी करणार आहे का? पैसे देऊ.’ पैसे देऊ हे आधीच लिहिलेलं, म्हणून मला ‘करते’ म्हणणं सोपं गेलं. पोळीभाजीचे डबे मी देतेच. म्हटलं, त्यातच एक दिवस भज्जी.

साहित्य जमवताना नाकी नऊ आले. तुरीच्या शेंगा मिळाल्या, वाटाणा मिळाला, मेथी, कांद्याची पात, ओला भुईमूग, सगळं मिळालं. हरभऱ्याचा पाला मात्र भाजीवालीनं एवढीशी जुडी करून असा विकला की गावाकडं म्हशीपुढंही कुणी तेवढाच टाकणार नाही. शेंगा सोलायला मध्यरात्र झाली. आंबिलाला मातीची बिंदगी नव्हती, स्टीलच्या डब्यात लावली. आंबली, पण तो मातीचा वास काही आला नाही. डाळीचं पीठ आंबट ताकात कालवून ओतलं की भज्जी खदखदायला लागते आणि बुडाला धरते. चुलीवर दोन लाकडं मागं ओढली की जाळ उतरतो. इथं गॅस बारीक केला तरी आच नेमकी मधोमध. तवा खाली सरकवला आणि उलथणं घेऊन उभीच राहिले. हात दुखून आला, पण एक डबासुद्धा लागलेला गेला नाही.

काकू स्वतः डबा न्यायला आल्या आणि ‘बसते जरा’ म्हणून स्वयंपाकघरात फरशीवरच बसल्या. उंडा हातानं कुस्करून भज्जीत कालवला आणि बराच वेळ काहीही बोलल्या नाहीत. मग आंबील मागितली. निघताना मोबाईल काढून माझा कोड शोधायला लागल्या. मी म्हणायला हवं होतं, खाल्लेल्याचे नको, नेताय तेवढ्याचेच द्या. पण म्हणाले नाही. त्यांनी दोन डब्यांचे टाकले आणि मी ‘आले’ म्हणाले.

शहरात शेजारी बोलत नाहीत वगैरे मी काही लिहिणार नाही. बोलतात. पार्किंगवरून तर रोज बोलतात.

आम्ही इथं आलो २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायला लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते शहरासाठी. आमच्या आडाला तळ दिसत होता आणि ती गाडी आम्ही टीव्हीवरच पाहिली. यांना इथल्या गोदामात ठेकेदाराकडं काम मिळालं. वाघोलीत तेव्हा ग्रामपंचायत होती, महापालिकेत गेली ती २०२१ ला. म्हणजे पुण्याला चाललो म्हणून सगळ्यांचा निरोप घेतला आणि उतरलो ते दुसऱ्या गावातच. पहिल्याच आठवड्यात खिडकीखाली टँकर उभा दिसला तेव्हा हे म्हणाले, ‘आला का हा पण मागं मागं?’

पण मला परत जायचं नाही, आणि त्याचं कारण पाणी नाही.

गावात मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. खुरपण, काढणी, रास, वर घरचं सगळं. दुसऱ्याच्या रानात गेले असते तर संध्याकाळी दिवसाचा रोजगार हातात पडला असता. घरच्या रानात राबले, तर जेवण. माल आडतीवर जायचा, विक्रीची पट्टी मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावानं व्हायची. त्यातून आधी कृषी केंद्राची उधारी, मग किराणा, मग बँकेचं पीककर्ज, आणि काही उरलं तर लुगडं. किती आले ते मी कधी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. मामा वाईट नाहीत. त्यांना त्यांच्या बापानं तरी कुठं सांगितलं होतं?

इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मला पैशाची नुसती धास्ती होती. घरमालक पाच तारखेला, यांचा पगार सात तारखेला. मधले दोन दिवस मी दाराची बेल वाजली तरी दचकायचे. गावाकडचा किराणावाला सोयाबीन निघेपर्यंत तोंड उघडायचा नाही. (वहीत भाव चढा लावायचा, ते वेगळं.) इथं कुणी थांबत नाही. पण इथं सात तारीख येते. पाऊस पडो न पडो, सात तारीख येते. ज्यानं जन्मभर आभाळाकडं बघून संसार केला नाही त्याला यात काय मोठं, हे कळणार नाही. पुढं डबे सुरू झाले आणि शनिवारचा शनिवार माझेही पैसे यायला लागले. थोडे, पण कधी येणार ते मला माहीत असतं आणि किती आले तेही.

यंदा सप्टेंबरात तिकडे रानात गुडघाभर पाणी होतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता. आमचं भिजलेलं, डागी सोयाबीन त्याच्या आसपासही गेलं नाही. हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे नव्हते. ते मी पाठवले, डब्यांचे. मामांना कसे देणार, म्हणून धाकट्या भाऊजींच्या नंबरवर टाकले. मामांना ठाऊक आहे. अजून त्यावर एक शब्द नाही.

आज संध्याकाळी फोन केला तर सगळे नुकतेच रानातून आलेले, मागं नुसता गलका. भज्जी विकली ते मी मामांना सांगून टाकलं. म्हटलं, उगाच दुसऱ्याकडून कळायला नको. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘येळवशीचं विकत नसतेत, पोरी,’ आणि फोन आत्यांच्या, माझ्या सासूबाईंच्या, हातात दिला. आता आत्यांचंही ऐकायचं म्हणून मी तयारीतच होते. त्यांनी विचारलं, ‘किती सुटले?’

सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरं. आणि ताक घातलंस का चिंच?’

मामांचं मला लागलं. खोटं कशाला लिहू. त्यांचं म्हणणं चूक नाही, येळवशीचं विकत नसतातच. पण त्यांच्या पंगतीला आज ज्या हरभऱ्याचा पाला भज्जीत पडला, त्याचं बियाणं विकलेल्या डब्यांतूनच आलं होतं. हे मी फोनवर बोलू शकले असते. बोलले नाही, सुनेनं बोलायच्या गोष्टी नाहीत या. आणि मनातून असंही वाटलं की बोलले असते तर मीही त्यांना हिशोबच दाखवला असता, बी विंगच्या काकूंना दाखवला तसा.

हे पाळीवरून आले, एक वाटी ठेवली होती ती खाल्ली. म्हणाले, घरच्यासारखी नाही, पण जवळपास. मी म्हटलं, घरच्या चुलीवर तुम्ही एकदा तरी केलीय का?

ग्रुपवर आत्ताच विचारायला लागलेत, भोगीची भाजी करणार का म्हणून. ती करते म्हणून कळवलं. पुन्हा ती पाल्याची जुडी नको, म्हणून भाऊजींना फोन लावला: भोगीच्या आदल्या रात्री हरभऱ्याच्या ढाळ्यांची एक गोणी ट्रॅव्हल्सवर टाका. भाव काय लावायचा ते पण सांगा.

‘वहिनी, घरच्या मालाला कसला भाव?’

म्हटलं, लातूरच्या मंडईत त्या दिवशी असेल तो. भाडं माझ्याकडं लागलं.