नाश्त्यापासून चालत्या अंतरावर: बसवनगुडीतले चार दिवस

बंगळुरूला मी याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा हे शहर मला मुळीच आवडलं नव्हतं. आता कळतं की शहराचा काही दोष नव्हता, माझी राहायची जागा चुकली होती. ऑफिसच्या कामाला बरं म्हणून रिंग रोडवरचं हॉटेल घेतलं होतं. तिथून बसवनगुडी भागातल्या गांधी बाजारात डोसा खायला निघाले तर टॅक्सीत दीड तास गेला आणि पोचेपर्यंत सकाळची वेळ संपून दार लागलं होतं. यंदा आईला घेऊन जायचं होतं. तिचं वय सत्तर, गुडघे कुरकुरतात. म्हणून आधी खायच्या जागा ठरवल्या आणि मग त्यांच्या आसपास चालत्या अंतरावर खोली शोधली. या एका बदलाने सगळा प्रवासच वेगळा झाला.

बसवनगुडी म्हणजे बसवाचं, नंदीचं देऊळ. १८९८च्या प्लेगनंतर दाटीच्या जुन्या पेठांबाहेर जी वस्ती वाढली, त्यातली ही एक. रस्ते सरळ, झाडं मोठी, आणि जुनी घरं अजून बरीच टिकून आहेत. आम्हाला गांधी बाजारामागच्या गल्लीत अशाच एका घराचा वरचा मजला मिळाला. मालकीणबाई पंचाहत्तरीच्या. आईचं माहेर सोलापूर, त्यामुळे तिला तोडकंमोडकं कन्नड येतं. दुसऱ्या दिवसापासून त्या तिला 'अक्का' म्हणायला लागल्या आणि मग आम्हाला कशाचीच अडचण आली नाही. अशी खोली घेताना तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: जिना किती पायऱ्यांचा आहे, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, आणि रात्री फाटक कधी बंद होतं. जिन्याचं मी विचारलं नव्हतं. एकवीस उंच पायऱ्या निघाल्या, आणि दुपारी आई पुन्हा खाली उतरायला तयार होईना.

जायला उद्यान एक्सप्रेस सोयीची. मुंबईहून सकाळी निघते, पुणे-सोलापूर करत दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूत सोडते. स्टेशनला लागूनच मॅजेस्टिक हे मेट्रो स्थानक आहे. तिथून मेट्रोची हिरवी मार्गिका धरा आणि नॅशनल कॉलेजला उतरा. सामान असेल तर पुढे रिक्षा. मोकळ्या हाताने असाल तर गांधी बाजार चालत पंधरा-वीस मिनिटांवर.

आता मुख्य विषय. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन हे डोशाचं उपाहारगृह १९४३ सालचं. आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी सुरू झालं, म्हणून हे नाव. शुक्रवारी बंद असतं आणि रोज दुपारी काही तास दार लावतात, हे पक्कं लक्षात ठेवा. आम्ही गुरुवारी सकाळी सातच्या आत पोचलो आणि लगेच जागा मिळाली. शनिवार-रविवारी मात्र दाराशी नाव देऊन बरंच थांबावं लागतं. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची रेखाचित्रं आहेत. आई एकेक नाव वाचत बसली होती, तेवढ्यात वाढपी आला. पांढरा शर्ट, पांढरा पंचा, आणि डाव्या हातावर मनगटापासून पार वरपर्यंत एकावर एक रचलेल्या डोशांच्या ताटल्या. मान किंचित कललेली, नजर समोर. आमच्या टेबलाशी थांबून त्याने वरच्या दोन ताटल्या अलगद उतरवल्या. उरलेल्या चळतीला जराही धक्का लागला नाही. आई डोसा विसरून त्याच्याकडेच बघत राहिली.

इथला डोसा आपल्याकडच्या कागदी डोशासारखा नसतो. जाडसर, बाहेरून गडद तांबूस आणि कुरकुरीत, आतून मऊ. सोबत पातळ चटणी वाढतात, सांबार नाही. मागूही नका. त्या डोशाला चटणीच शोभते, असं माझं ठाम मत झालंय.

शुक्रवारी शंकर मठाजवळच्या ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये गेलो. १९६५पासून पदार्थ मोजून चार-पाचच: इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी. खारा भात म्हणजे भाज्या घातलेला तिखट उपमा आणि केसरी भात म्हणजे शिरा. नावातल्या 'भात'ने आपली माणसं फसतात, म्हणून सांगते. सांबार इथेही नाही. चटणीसाठी काउंटरवर वेगळा माणूस असतो. ताटली पुढे केली की तो पुन्हा वाढतो, हवी तितक्यांदा. पुरे म्हणायचं असेल तर 'साकु'. बसायला टेबलखुर्च्या नाहीत, लोक रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या खातात. गुडघेदुखी असलेल्यांसोबत जात असाल तर गर्दी व्हायच्या आधी जा, म्हणजे कठड्यावर टेकायला तरी जागा मिळते. रविवारी बंद.

कॉफीबद्दल एक गोष्ट. या भागात 'बाय-टू' मागायची पद्धत आहे. एका कॉफीचे दोन पेले करून देतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्या शेजारी एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांनी दोन्ही पेले हातात घेतले, नीट पाहिले आणि ज्यात थोडी जास्त होती तो आजींना दिला. आम्हीही मग चारही दिवस बाय-टूच घेतली. त्यामुळे दिवसातून पाच वेळा कॉफी प्यायली तरी जड वाटलं नाही. साखर कमी हवी तर 'सक्करे कम्मी' म्हणा. आपल्या भाषेच्या इतकं जवळचं आहे की विसरायचा प्रश्नच नाही.

शनिवारी लालबाग ही जुनी बाग आणि एमटीआर हे उपाहारगृह एकत्र केलं. लालबागेची सुरुवात हैदर अलीने १७६०मध्ये केली, काचघर १८८९चं. पण माझा जीव जडला तो तिथल्या खडकावर. वय सुमारे ३०० कोटी वर्षं! सकाळी त्यावर अनवाणी उभी राहिले तर पायाखाली गारवा होता. जानेवारी आणि ऑगस्टमध्ये इथे पुष्पप्रदर्शन भरतं. तेव्हा जायचं असेल तर खोली फार आधी धरा. एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स, बागेच्या मुख्य दरवाजापासून जवळ आहे. १९२४ सालचं, सोमवारी बंद. रवा इडली इथलीच, महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्यावर निभावलं, अशी तिची हकिगत सांगतात. ती सोबतच्या तुपासह खा. नाश्ता, दुपारचं जेवण आणि संध्याकाळची तिंडी, म्हणजे फराळ, यांच्या वेळा वेगवेगळ्या आहेत. अधेमधे गेलात तर ताटकळत बसाल.

संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली, सज्जनराव सर्कलजवळ. तव्यावरून उतरणारी होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आईने उभ्याउभ्या खाल्ली आणि पुरण तुरीच्या डाळीचं असल्याचं पहिल्या घासाला ओळखलं. गर्दी फार असते, वयस्कर माणसांना सातच्या आत आणून परत न्या. थंडीत पावट्याच्या जातीची अवरेकाई येते. तेव्हा तिचे इतके प्रकार मिळतात की त्यासाठी पुन्हा जायचं मी ठरवलंय.

नंदीचं देऊळ राहत्या जागेपासून जवळच. एकाच दगडातला प्रचंड नंदी. आपल्याच कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगदाण्यांची जत्रा भरते. शेतकरी पहिलं पीक नंदीला वाहतात आणि रस्त्यावर शेंगांचे ढीग लागतात.

परतीची गाडी रात्रीची होती. खोली संध्याकाळपर्यंत ठेवता येईल का, हे मी पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं होतं, त्यामुळे आईला दुपारची झोप मिळाली. निघण्याआधी गांधी बाजारात सुब्बम्मांच्या दुकानातून कोडबळे (तळलेली कुरकुरीत कडी), निप्पट्टू (तांदळाच्या पिठाच्या कुरकुरीत पुऱ्या) आणि 'काँग्रेस' घेतलं. काँग्रेस म्हणजे तिखट-मीठ लावलेल्या शेंगदाण्याच्या डाळी. कॉफीची पूड घेताना तिच्यात मिसळायची चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, किती हवी ते दुकानदार विचारतो. आम्ही ऐंशी-वीस घेतली. मालकीणबाईंनी ती पुडी हातात घेऊन हुंगली, मान डोलावली आणि आतून स्वतःच्या डब्यातली थोडी पूड आणून आईच्या पिशवीत घातली. कोणत्या पुडीची कॉफी कोणती, ते घरी आल्यावर आई वासावरूनच सांगते.