आवाज कुठून येतोय?

पुण्यात तपकीर गल्लीत माझं छोटं दुकान आहे. वीसेक वर्षं स्पीकर विकतोय. घरच्या कॉम्प्युटरला दोन स्पीकर घ्यावेत की पाच आणि वर एक वूफर, हे आठवड्यातून चारदा तरी कोणीतरी विचारतं आणि माझं उत्तर ठरलेलं असतं. टेबलाशी बसून ऐकणार असाल तर दोनच घ्या, पण बरे घ्या. यूट्यूबवरची गाणी, जुन्या मैफली, बातम्या हे जवळजवळ सगळं दोन चॅनलांचं, म्हणजे डावा आवाज वेगळा आणि उजवा वेगळा असं भरलेलं असतं. दोनाचे पाच करून द्यायला सॉफ्टवेअर आहे, पण ती आमटी वाढवायला घातलेल्या पाण्याची गोष्ट. शिवाय तेवढ्याच पैशांत पाच डबे आणि वूफर बसवायचा, तर एकेका डब्याच्या वाट्याला कसला माल येणार? (पूर्वी खोक्यांवर ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, म्हणून हजारांत वॉट छापलेले असायचे. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, बघायला गेलं की दहा-पंधरा निघायचे. त्या काळात मी गिऱ्हाइकांशी फार वाद घातलेत.)

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक काका आले. सत्तरी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त. माझं सगळं प्रवचन त्यांनी मान किंचित वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, ‘‘तुमचं पटतंय. पण मला फाइव्ह पॉइंट वनच द्या.’’ म्हणजे तेच, पाच स्पीकर आणि एक वूफर. मी पुन्हा समजावलं. ते पुन्हा हसले. शेजाऱ्यांनी घेतला असेल, असं मनाशी म्हणत मी अकरा हजारांचं बिल केलं. रविवारी बसवायला येतो म्हणालो.

खोली दहा बाय अकराची. एका भिंतीला कॉट, एका भिंतीला कपाट, खिडकीशी कॉम्प्युटर. मागचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या खांद्यांच्या जरा मागे, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवेत. इथे एक कपाटावर चढला आणि दुसरा कॉटच्या उशाशी स्टुलावर बसला. वायरी कॉटखालून नेल्या. कॉम्प्युटर जुना, त्याच्या पाठीला तीनच सॉकेट. सहा सॉकेटांच्या मदरबोर्डवर हिरवं पुढच्या स्पीकरांचं, काळं मागच्यांचं, नारिंगी सेंटर (पुढचा मधला स्पीकर) आणि वूफरचं, असं सरळ असतं. तीनच असली की निळं मागच्यांना आणि माइकचं गुलाबी सेंटर-वूफरला द्यावं लागतं, आणि तसं सॉफ्टवेअरला बजावावंही लागतं. इथे चुका होतात. माझ्याही होतात.

म्हणून काकांना खुर्चीत बसवून टेस्ट लावली. एकेक स्पीकर आळीपाळीने वाजतो. म्हटलं, आवाज येईल तिकडे बोट दाखवा.

डावा पुढचा वाजला. काकांनी उजवीकडे बोट केलं. उजवा वाजला, उजवीकडेच. सेंटरला थोडं थांबून पुन्हा उजवीकडे. कपाटावरचा डावा वाजला तेव्हा त्यांनी दाराकडे दाखवलं, जिथे काहीच नव्हतं. वायरी उलटसुलट झाल्या असणार, म्हणून मी टेबलाखाली शिरलो, पिना काढून परत घातल्या. सेंटर आणि वूफरची अदलाबदल होते कधीकधी, तेही तपासलं. पुन्हा टेस्ट, पुन्हा तीच बोटं. मग मीच खुर्चीत बसून ऐकलं. सगळं जिथल्या तिथे. एका वूफरच्या वेळी तेवढं आमचं एकमत झालं. त्याचा खोल घुमका कुठून येतो हे मलाही सांगता आलं नाही, आणि कोणालाच येत नाही. म्हणून तर तो टेबलाखाली कुठेही ढकलला तरी चालतो.

मी तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. ‘‘अहो, सांगितलं नाहीत का त्यांना?’’

काकांनी डाव्या कानाला हात लावला. ‘‘हा गेलाय. सातव्या वर्षी गालगुंड झालं होतं, तेव्हापासून.’’

मी जमिनीवरच बसलो. आवाज कुठून येतो हे आपल्याला दोन कानांच्या फरकावरून कळतं. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या साधारण दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो आणि डोकं मध्ये आल्यामुळे थोडा दबतोही. स्टिरिओची सगळी जादू या फरकावर चालते. दोन डब्यांच्या मधोमध, रिकाम्या जागेत गायक उभा राहतो तो त्यामुळेच. म्हणजे ज्याच्यावर मी वीस वर्षं प्रवचनं देतोय, तो स्टिरिओ या माणसाला कधी भेटलाच नव्हता.

मग पाच स्पीकर कशाला? काका सांगू लागले. मुलाने परदेशातून भारी हेडफोन पाठवला होता. त्यावर त्यांचं एक आवडतं नाट्यगीत लावलं तर गाणं आणि पेटी आली, तबला जवळजवळ गायब. चित्रपटगृहात मात्र संवाद व्यवस्थित कळतात, तिथे चारी बाजूंना स्पीकर असतात. तेव्हा घरीही सगळीकडे लावले, तर सुटलेलं कुठूनतरी उजव्या कानात पडेलच, असा त्यांचा हिशेब. बँकेतल्या माणसाचा हिशेब, चुकीचा म्हणवेना. फक्त चित्रपटात संवाद बहुतेक पडद्यामागच्या मधल्या स्पीकरला वेगळे भरलेले असतात, आणि नाट्यगीत भरणाऱ्याने मधलं काही भरलेलंच नव्हतं. तबला सगळा डाव्या चॅनलला होता.

विंडोजमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर, ऑडिओखाली, ‘मोनो ऑडिओ’ नावाचं बटण आहे. डावं-उजवं मिसळून दोन्हीकडे सारखंच पाठवतं. खरं सांगायचं तर दुकानात मी ते एकदाही कोणाला दाखवलं नव्हतं. ज्याला दोन चॅनल विकायचे, तो एक करायचं बटण कशाला शोधेल? ते दाबलं, तोच हेडफोन त्यांना घातला, तेच गाणं लावलं. काका मांडीवर बोटं वाजवायला लागले. अर्ध्या मिनिटाने हेडफोन काढून त्याच्याकडे बघत म्हणाले, ‘‘हा तबला होता यात?’’

पाच डबे मी परत खोक्यात भरले. उघडलेलं खोकं म्हणून दोन हजार तोटा झाला. आठवड्याभरात कॉलेजचा एक मुलगा घेऊन गेला. त्याला गेममध्ये पाठीमागून येणारी पावलं हवी होती, आणि गेमात ती खरोखरच मागच्या चॅनलांवर येतात. त्याला मी प्रवचन दिलं नाही.

काकांना दुसऱ्या दिवशी साडेचार हजारांची साधी जोडी नेऊन दिली. ‘‘मोनोच ऐकायचं तर एकच पुरेल, दुसऱ्याचे पैसे वाचतील,’’ मी म्हणालो. त्यावर काका म्हणाले, ‘‘असू दे, हिला दोन कान आहेत.’’ टेबल थोडं फिरवून त्यांचा उजवा कान स्पीकरांकडे येईल असं केलं. त्यांनी नाट्यगीत लावलं, संपल्यावर पुन्हा लावलं, तिसऱ्यांदा आवाज वाढवून लावलं. आतून काकूंनी दोनदा हाक मारली, आवाज कमी करा म्हणून.

टेबल फिरवल्यावर स्वयंपाकघर डाव्या बाजूला आलं होतं.