एकवीस तासांचे पैसे, पाच तासांची बोट

केरळातल्या अलेप्पीची हाउसबोट ठरवताना एजंट म्हणाला होता, "साहेब, रात्रभर पाण्यावर!" खोटं नव्हतं ते. पाण्यावरच होतो, फक्त काठाला दोरखंडाने बांधलेल्या बोटीत.

हिशोब आधीच करून ठेवा. दुपारी बाराला बोटीत घेतात, सकाळी नऊला उतरवतात. जेवायला तासभर थांबतात, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट बांधावीच लागते, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. नियम रास्तच आहे. राग येतो तो आधी कुणी तोंड उघडत नाही म्हणून. सकाळचा तास धरूनसुद्धा आमची बोट चालली जेमतेम पाच तास. एसीही रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच. डाव्या बोटीचा जनरेटर, उजव्या बोटीतला कॅराओके, मध्ये आम्ही आणि डास. ओडोमॉस विसरू नका.

पण खरा चुना लागला तो कोळंबीत. निघून तासभर होतो न होतो तोच बोट एका टपरीला लागली, "फोटोसाठी". तिथे करीमीन मासा आणि टायगर कोळंबी मांडून ठेवलेली. चार नगांचे दीड हजार! ताजी म्हणे, आत्ता काढलेली. बायको मालवणची, कोळंबीची काळवंडलेली डोकी बघूनच म्हणाली, "ही बर्फातली." मी शहाणा, तरी घेतली. तळल्यावर रबर. दुपारच्या जेवणात करीमीन ठरलेलंच असतं, वेगळं घ्यायची काही गरज नाही. टपरी आली की बोटीतून उतरूच नका.

वेंबनाड तलावावरची संध्याकाळ छान होती. असो.

दुसऱ्या दिवशी चिडूनच सरकारी बोटीत बसलो. बस स्टँडजवळच्या जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी नेडुमुडी, कावालम, कोट्टायमकडे सुटतात. तिकीट दोन आकडी. शाळेची पोरं, गॅस सिलिंडर, भाजीच्या पिशव्या, सगळं बोटीतच. आणि अलेप्पीभोवतीचं कुट्टनाड दिसलं ते इथूनच: कालव्याचं पाणी वर, बांधापलीकडची भातशेती खाली, समुद्रसपाटीच्याही खाली. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून उन्हाळ्यात तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारं बंद ठेवतात. त्यामुळे पाणी गोडं राहतं आणि जलपर्णी माजते. आमच्या बोटीच्या पंख्यात ती दोनदा अडकली. कोट्टायमपर्यंत अडीचेक तास लागतात. मी तर म्हणतो, हाउसबोट सोडा, हीच करा.

तरीही हाउसबोटच हवी असेल तर मुंबईहून पैसे भरू नका. नेत्रावती एक्सप्रेस अलेप्पीला थांबते. तिथे उतरून पुन्नमडाच्या धक्क्यावर स्वतः जा, बोटीत चढा, संडास बघा, गाद्या दाबून बघा आणि मग बोला. बोट किती तास चालणार, कुठे बांधणार, एसी कधी, हे कागदावर लिहून घ्या. मोठी बोट अरुंद कालव्यात शिरत नाही. त्यासाठी तासावर मिळणारी शिकारा वेगळी करावी लागते, तिचा भाव चढायच्या आधीच ठरवा.

सरकारी बोटीवरच्या पाट्या बहुतेक मल्याळममध्येच. गावाचं नाव मोठ्याने विचारा, कंडक्टर हात धरून बसवतो. परतीची शेवटची बोट किती वाजता, हेही त्यालाच विचारून घ्या. आमची चुकली, मग कोट्टायमहून उभ्याने बस.