तुम्ही विचारलंत म्हणून: वेरेथचे अकरा गोलंदाज

"देवळालीत वाढलात, तोफांचं एवढं वेड, मग आपला तोफखाना सोडून त्या अमेरिकन तुकडीच्या मागे का लागलात?" दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच.

सुरुवात गोळ्याच्या वजनापासून झाली. सरावाच्या दिवशी आमच्या खिडक्या थरथरायच्या, आई फडताळातली लोणच्याची बरणी खाली उतरवून ठेवायची. हे गोळे भरतं कोण, हा प्रश्न तेव्हापासूनचा. (गोलंदाज म्हणजे मूळचा तोफ डागणारा, क्रिकेट नंतर आलं.) ती अमेरिकन तुकडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली 333वी फील्ड आर्टिलरी बटालियन. तिच्याकडे 155 मिमीच्या हॉवित्झर (उंच मारा करणाऱ्या तोफा) होत्या. एक गोळा 43 किलोचा. तो नळीत ठासायचा, मागून दारूच्या पिशव्या सारायच्या, झडप बंद, दोरीला हिसका, की पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकी लष्कराच्या दप्तरी ही 'मध्यम' तोफ, उचलणाऱ्याला विचारा! उचलणारे सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी बहुतेक गोरे. त्या फौजेत तेव्हा पंगतीच वेगळ्या होत्या.

गोळा चौदा किलोमीटरवर पडायचा. कोण मेलं ते गोलंदाजाला दिसत नसे. 16 डिसेंबर 1944 ला जर्मन हल्ला आला आणि ते अंतरच संपलं. दुसऱ्या दिवशी बेल्जियमच्या पूर्व टोकाला बटालियनची बरीच माणसं पकडली गेली. अकरा जण निसटले, सगळ्यांत मिळून दोन रायफली. बर्फ तुडवत ते वेरेथ नावाच्या मूठभर घरांच्या वाडीत पोचले. माथियास लांगर या शेतकऱ्याने त्यांना घरात घेतलं, खायला दिलं. तेवढ्यात एसएसचे, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचे, शिपाई दारात. अकराही जण हात वर करून बाहेर आले.

फेब्रुवारीत बर्फ उतरू लागलं तेव्हा त्यांचे देह सापडले. हाडं मोडलेली, संगिनीचे घाव. बटालियनमधले पकडले न गेलेले बाकीचे बेल्जियममधल्याच बॅस्टोनला 969व्या बटालियनबरोबर तोफा चालवत होते. त्या बटालियनला पुढे मोठा सन्मान मिळाला.

त्याच 17 डिसेंबरला बेल्जियममधल्याच माल्मेदी गावाजवळ 84 अमेरिकन कैद्यांना मारलं गेलं. त्याचा खटला 1946 मध्ये जर्मनीत दाखाऊला उभा राहिला, जगभर गाजला. वेरेथची चौकशी 1947 मध्ये गुंडाळली. मारेकरी सापडले नाहीत म्हणे. मी मागे लागलो तो इथे.

लांगरचा मुलगा हर्मन त्या दिवशी बारा वर्षांचा होता. 1994 मध्ये त्याने तिथे एक छोटा क्रूस उभा केला.