रोहिणी, आई आणि चिनू

आई इतक्या पटकन गप्प बसेल असं वाटलं नव्हतं. काल संकष्टी. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ टळून गेली तरी पारसिकच्या डोंगरामागून चंद्र काही येईना, घणसोलीत आता त्यात टॉवरची भर. आईने दक्षाच्या 27 मुलींची गोष्ट काढली, चंद्राने एकट्या रोहिणीचे लाड केले म्हणून सासऱ्याने क्षयाचा शाप दिला, मग प्रभासला शंकराची आराधना आणि अर्धामुर्धा उःशाप, पंधरा दिवस झिजायचं पंधरा दिवस भरायचं. चिनू म्हणाली, आजी असं नसतं गं, अर्धा चंद्र कायम उजेडातच असतो, आपल्याला त्यातला कमीजास्त दिसतो एवढंच. बरोबरच आहे तिचं. पण आई नुसतं "हो का" म्हणाली आणि मोदक झाकायला आत गेली.

वाद का नाही घातला तिने? माझ्याशी तर मिठावरून पण घालते. पप्पांचं पण शेवटी शेवटी असंच... जाऊ दे. आणि मी मधे उभी, मला कुणी विचारत पण नाही की बाई तुला काय वाटतं.

तर मला वाटतं ते हे. 27 हा आकडा हवेतून आलेला नाही. ताऱ्यांमधून एक फेरी मारायला चंद्राला 27.3 दिवस लागतात, म्हणून रोज रात्री एक नक्षत्र, एक घर. पौर्णिमा ते पौर्णिमा मात्र 29.5, कारण तेवढ्यात पृथ्वी पण सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. आणि रोहिणी! चंद्र ज्या मोजक्या ठळक ताऱ्यांना झाकू शकतो त्यात सगळ्यात तेजस्वी तीच. 2015 ते 2018 तर दर महिन्याला पृथ्वीवर कुठून ना कुठून तो तिला झाकताना दिसायचा, मग बरीच वर्षं खंड, कारण चंद्राची वाट हळूहळू डोलते, 18.6 वर्षांत एक आवर्तन. कुणीतरी पिढ्यान् पिढ्या रात्री जागून हे बघितलं असणार, आणि लिहून ठेवण्याऐवजी संसाराची गोष्ट करून लेकीसुनांच्या तोंडी दिलं असणार. याला खोटं कसं म्हणू मी? आई गप्प बसली म्हणजे एवढं सगळं गप्प बसलं, हेच टोचत होतं रात्रभर.

सकाळी राहवेना, विचारलंच. आई भाजी निवडत म्हणाली, "अगं पोरगी नीट समजून बोलत होती, तिला कशाला अडवू? आणि गोष्ट कुठे पळून जातेय." मी रात्र काढली ती काढली. चालायचंच, दोघींचं एकमेकींशी बरं चाललंय.

चिनूने शोधून काढलंय की आर्यभटाने 499 सालीच ग्रहण म्हणजे सावली हे सांगितलं होतं, आणि ज्योतिषातले राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू. ते आता आजीला ऐकवायचंय तिला. आजीला समुद्रमंथन सांगायचंय. दत्तजयंतीच्या आसपास चंद्र रोहिणीपाशी असेल, तेव्हा दोघींना गच्चीवर नेणार आहे, लिफ्ट चालू असली तर, आईचे गुडघे हल्ली फार दुखतात.