घाटात धावते, सपाटीला अडते

“घाट चढताना काही नाही रे, इगतपुरी सोडली की आचके सुरू.” नानांनी गाडीतून उतरता उतरता हे सांगितलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तक्रार उलटी होती. पेट्रोल कमी पडत असेल, पंप थकला असेल, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल तापून मरत असेल, तर गाडी कसारा घाटातच जीव टाकते. लोड येतो तिथे दुखणं बाहेर पडतं. ही गाडी घाट सरसर चढत होती आणि घोटी-वाडीवऱ्हेच्या सरळ रस्त्यावर, जिथे इंजिनाला फारसं कष्टाचं कामच नसतं, तिथे ठसकत होती.

गाडी म्हणजे 1968 ची ॲम्बॅसिडर, मार्क टू. नाना ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या वडिलांची. पन्नास वर्षांपुढच्या गाडीची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी करायची सोय 2021 च्या नियमांत झाली, पण तशी नोंद केली की ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. नानांना ते नको होतं. त्यांना दर महिन्याला कल्याणला लेकीकडे हीच गाडी घेऊन जायचं असतं. मला ही माणसं आवडतात. गाडी झाकून ठेवणाऱ्यापेक्षा ती चालवणारा तिला जास्त जपतो, हे मी मुंबई नाक्यावरच्या माझ्या दुकानात कायम बघत आलोय.

माझ्याकडे यायच्या आधी नानांनी बराच खर्च केला होता. नवीन कॉइल, कंडेन्सर, पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), प्लग, प्लग वायरी, पेट्रोल पंपाचं किट, टाकीची सफाई. शेवटी एका गॅरेजने सांगितलं की वायरिंगच कुजलंय, सगळं काढून नवीन टाका. नाना आले होते ते त्याच कामासाठी.

डॅशबोर्डखाली टॉर्च मारून पाहिलं तर वायरिंगची दशा खरोखर वाईट होती. या गाडीला मुळात ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या ठरलेल्या रंगांचं वायरिंग. बॅटरीकडून येणारी तपकिरी, चावी फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी, फ्यूजमधून पुढे जाणारी हिरवी, अर्थिंगची काळी, कॉइलकडून डिस्ट्रीब्यूटरला (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) जाणारी पांढऱ्यावर काळी रेघ. रंग बघून माणूस अंधारातही वाट काढतो. इथे मधल्या काळात कुणीतरी सगळीकडे एकच लाल वायर ओढली होती. आठ-दहा लाल वायरी, जोडांवर चिकटपट्टी, उन्हाने पट्टीचा डिंक वितळून काळा झालेला. असलं काम बघितलं की मला मनापासून राग येतो, कारण पुढच्या माणसाचा अख्खा दिवस त्यात जातो.

तरी मी वायरिंगला हात लावला नाही. वायरिंग खराब आहे हे दिसत होतं, पण आचके त्यामुळेच येतात हे अजून कुठे ठरलं होतं? नानांना स्टूल दिलं, चहा सांगितला आणि विचारत बसलो.

“सेल्फ मारल्यावर लगेच लागते?”

“पहिल्या झटक्यात. बंद पडली तरी लगेच लागते.”

“उतारावर?”

“उतारावर काही नाही.”

“आणि सपाटीला आचके देत असताना पाय पूर्ण दाबला तर?”

नाना थांबले. “दाबला की मोकळी होते बघ. ट्रकच्या पुढे काढताना कधी अडली नाही. पुढे जाऊन पाय हलका केला, की परत सुरू.”

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. एचएएलमध्ये विमानांवर काम केलेला माणूस. विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

आता यात काय दडलंय ते सांगतो. जुन्या डिस्ट्रीब्यूटरच्या पोटात पॉइंट ज्या पत्र्यावर बसतात तो पत्रा हलता असतो. त्याला बाजूच्या व्हॅक्यूमच्या डबीतून एक काडी येते आणि डबीला कार्ब्युरेटरकडून बारीक नळी. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना नळीत ओढ नसते. पूर्ण दाबला तरी ओढ जवळजवळ संपते. पाय अर्धवट, म्हणजे सपाटीवर आरामात चाललेली गाडी, तेव्हा ओढ चांगली येते, पत्रा थोडा फिरतो आणि ठिणगी लवकर पडते. त्याने पेट्रोल वाचतं. म्हणजे नानांची गाडी बरोबर त्याच वेळी मरत होती, जेव्हा तो पत्रा फिरलेला असतो.

डोक्यात हे बसलं, पण तपासल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय. आधी बॅटरीवरून एक वेगळी वायर थेट कॉइलच्या एसडब्ल्यू टोकाला, म्हणजे चावीकडून करंट येतो त्या टोकाला, दिली. असं केलं की चावी, अँमीटर आणि तो लाल वायरींचा गुंता, सगळंच बाजूला पडतं. (चावी बंद करूनही इंजिन बंद होत नाही, वायर काढावी लागते, नानांना आधीच सांगून ठेवलं.) पोऱ्याला दुकानात बसवून आम्ही दोघे निघालो. मे महिन्याचं ऊन, पाथर्डी फाटा ओलांडला, पांडवलेणीच्या पायथ्याशी गाडी पन्नासला स्थिर धरली आणि आचके सुरू. दोष वायरिंगच्या त्या गुंत्यात नव्हता. तो कॉइलच्या पुढे होता.

विल्होळीजवळ कडेला थांबलो. व्हॅक्यूमची नळी डबीवरून काढली, कार्ब्युरेटरच्या बाजूने हवा आत जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात एक स्क्रू घट्ट बसवला आणि गाडी परत वळवली. पन्नास, साठ, पाय हलका, पाय अर्धा. एक ठसका नाही. नाना काही बोलले नाहीत, पण त्यांचे हात स्टिअरिंगवर सैल पडलेले मला दिसले.

दुकानात येऊन डिस्ट्रीब्यूटरची कॅप आणि आतला फिरता रोटर काढला. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या जागी आणले, चावी चालू केली आणि टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या सीबीला, म्हणजे पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरं अर्थला लावलं. पॉइंट मिटलेले असताना करंट त्यांच्यातून अर्थला जातो, म्हणून दिवा पेटायला नको. पेटला नाही. मग डबीची नळी तोंडात धरली आणि श्वास आत ओढला. पत्रा सरकला, आणि दिवा लागला. श्वास सोडला, दिवा गेला. पॉइंट मात्र दोन्ही वेळा मिटलेलेच होते. ते मुद्दाम भिंगाखाली पाहिलं, कारण फिरताना पॉइंटच उघडत असतील तर सगळा हिशेब चुकतो.

“नाना, आता तुम्ही ओढा.” त्यांनी ओढली. दिवा लागला. मग ते चार-पाच वेळा ओढतच राहिले.

आत दोनच वायरी संशयाच्या. एक पत्र्याची अर्थिंग, दुसरी बाहेरच्या टोकापासून पॉइंटच्या पत्तीपर्यंत येणारी, दोन-अडीच इंचांची. नळी ओढून धरली आणि मीटरने पत्रा ते बॉडी पाहिलं, अर्थिंग ठीक. म्हणजे दुसरी. ती काढून तळहातावर घेतली. मूळची तिथे सुती विणीची, अगदी मऊ, बारीक तारांची वायर असते, कारण तिला रोज हजारो वेळा वाकायचं असतं. ही साधी प्लास्टिकची, जाड तारांची, घरच्या बोर्डात घालतात तशी. वरून धड. मीटर लावला तर शून्य ओहम, म्हणजे पास. दोन्ही टोकं धरून हलकी ओढली आणि लगपासून (वायरीच्या टोकाची पत्र्याची टोपी) एका नखाएवढ्या अंतरावर प्लास्टिक रबरासारखं लांबलं. आत तारा तुटल्या होत्या, फक्त टोकाला टोक टेकलेलं होतं. पत्रा जागेवर असला की टेकलेलं, फिरला की सुटलेलं. चार सिलिंडरचं इंजिन 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 100 ठिणग्या मागतं. त्यातल्या कितीतरी या नखाएवढ्या जागेत मरत होत्या.

पॉइंट आणि कंडेन्सर बदलणाऱ्याने ही वायर प्रत्येक वेळी हाताळली असणार. उभ्या गाडीला रेस दिल्यावर ठसका येत असेल, तोही कार्ब्युरेटरच्या नावावर गेला असणार.

मऊ विणीची वायर आता दुकानात सहज मिळत नाही. भंगारातल्या डिस्ट्रीब्यूटरच्या वायरी मी जपून ठेवतो, त्यातली एक घेतली. लग दाबून बसवला, सोल्डरचा डाग दिला तो फक्त लगच्या आत. डाग वायरीत वर चढला की तेवढा तुकडा ताठ होतो आणि पुन्हा तिथेच तुटतो. पोऱ्याला हे जवळ बसवून दाखवलं. मग वायरीला थोडी ढील ठेवली, पत्रा पूर्ण फिरवून ती रोटरला किंवा कॅमला घासत नाही ना ते पाहिलं, पॉइंटची गॅप पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावली, टायमिंग तपासलं.

वायरिंगचं काम मी घेतलं, पण वेगळं. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि चालू इंजिनात कॉइलला पोचत होते जेमतेम साडेदहा. मधले दोन त्या डिंकाच्या जोडांत आणि चावीच्या काळ्या पडलेल्या टोकांत जात होते. थंडीत सकाळी हीच गाडी नानांना त्रास देणार होती. म्हणून सांगितलं की इग्निशनच्या वायरी मूळ रंगात ओढून देतो, हॉर्न आणि टेप चावीवरून उतरवून फ्यूजवर घेतो, बाकीचं धड आहे ते तसंच राहू दे. अख्खं वायरिंग फाडायची गरज नव्हती आणि मूळ जे शिल्लक आहे ते काढावंसं मला वाटत नव्हतं. नानांनाही तेच हवं होतं.

संध्याकाळी नळी जागेवर लावून नाना एकटेच विल्होळीपर्यंत जाऊन आले. आल्यावर पहिला प्रश्न गाडीचा नव्हता. ओझरला त्यांच्या मित्राची जुनी फियाट आहे, ती सकाळी लवकर लागत नाही, दुपारी मात्र ठीक. कधी आणू म्हणाले.

“आदल्या रात्री आणून इथे उभी करा,” मी सांगितलं. “आणि सकाळी मी येईपर्यंत तिला कुणी सेल्फ मारू नका.”