काचेखालचे आजोबा

स्टाफरूममधल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली एका गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो आहे. शास्त्रज्ञ असणार असं धरूनच लोक विचारतात, "सर, हे कोण?" अमेरिकन फुटबॉलचे कोच, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग फिजिक्सच्या मास्तरांकडे काय करतायत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने २ डिसेंबर १९४२ला अणुविखंडनाची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली, ती शिकागो विद्यापीठात, स्टॅग फील्डच्या गॅलरीखाली. वर्गात एका पोराने विचारलं, "सर, वर मॅच चालू असती तर?" उत्तर येईना, म्हणून शोधायला लागलो आणि मैदानाला ज्यांचं नाव, ते अमोस अलॉन्झो स्टॅग सापडले.

जन्म १८६२, न्यू जर्सीत, जोडे शिवणाऱ्याच्या घरी. येल विद्यापीठात धर्मगुरू व्हायला गेले, पण प्रवचन काही जमेना. १८९२च्या मार्चमध्ये स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला. त्यात शिक्षकांचा संघ विद्यार्थ्यांकडून ५-१ हरला आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गोल यांचा! त्याच वर्षी शिकागोत रुजू झाले, तेही प्राध्यापकाच्या कायम नोकरीवर. शिवी कधी नाही. चिडले की खेळाडू गाढव, फारच चिडले की डबल गाढव. (आमच्या स्टाफरूमने दुसरं लगेच उचललं.) १९०५ साली मिशिगनचा संघ सलग ५६ सामने अजिंक्य होता. त्यांना यांनी हरवलं २-० असं, म्हणजे एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं, या खेळातला मुख्य गुण) न करता.

४१ हंगाम झाले, सत्तरी आली, विद्यापीठाने निवृत्त केलं. घरी बसायचं सोडून हे कॅलिफोर्नियात, कॉलेज ऑफ द पॅसिफिकला. ८१व्या वर्षी देशातले सर्वोत्तम कोच ठरले! पत्नी स्टेला प्रेक्षकांत बसून चालींचे नकाशे काढायच्या. माझ्या मते अर्धा फोटो त्यांचा हवा होता. पुढे मुलाच्या संघाला शिकवलं, मग स्टॉकटनच्या एका कॉलेजात अठ्ठ्याण्णवीपर्यंत. १०२ वर्षं जगले.

पोराचा प्रश्न राहिला. मॅच असणं शक्यच नव्हतं. स्टॅग गेल्यावर संघाची रया गेली आणि १९३९ला विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. गॅलरी रिकामी होती म्हणून फर्मीला जागा मिळाली. स्टॅग तेव्हा ८० वर्षांचे होते, आणि कॅलिफोर्नियात अजून कोचच होते.